शेंदराचा ठिपका

श्रीगोंदे, सोमवार, २ डिसेंबर १९४६

दमयंती,

मायना गाळला आहे. ‘चि. सौ. कां.’ लिहिलं तर तुझं दुसऱ्याशी ठरलेलं लग्न मी मान्य केल्यासारखं होतं, आणि ‘प्रिय’ दिसलं की तू पत्र मिटतेस असं तुझी मैत्रीण प्रेमला सांगते. तिच्याच पत्त्यावर टाकतोय. चुलीत घालायचं तर घाल, पण वाचून घाल.

आज पहिला टप्पा झाला. नगरहून एकवीस गडी सुटले, इथं अठरा पोचले. एक जण विसापूरच्या अलीकडे उभ्या बैलगाडीच्या दांडीवर गेला. त्याची हनुवटी फणस फोडल्यासारखी उघडली. मीच त्याला लॉरीत घेतला. माझा सदरा अजून ओला आहे आणि दुसरा सदरा आणलेला नाही.

तुला सायकलची शर्यत म्हणजे सकाळी सुटायची, दुपारी हारतुरे, एवढंच माहीत. ही तशी नव्हे. ही सात दिवस चालते. सातही दिवसांचा वेळ बेरजेला धरायचा, सर्वांत कमी ज्याचा तो पहिला. ही कल्पना आमच्या नूरुद्दीन मिस्त्रींची. लढाईत ते भिंगारच्या छावणीत सायकली दुरुस्त करत. तिथल्या एका इटालियन कैद्यानं त्यांच्या डोक्यात हे भरवून दिलं, की आमच्या मुलखात असं आठवडाभर पळवतात आणि पुढं असेल त्याला रोज गुलाबी सदरा घालतात. म्हणून इथंही गुलाबी बंडी आली. गडी हौशी नाहीत. दुकानदारांनी, कारखानदारांनी खुराक घालून पाळलेले आहेत, कुस्तीगीर पाळतात तसे. आणि तसेच वागतात. मिरजगावचा कानिफनाथ म्हणून एक आडदांड आहे. तो शेजारून जाणाऱ्याच्या पाठीत हवा भरायचा पंप घालतो. आज दोघांच्या बरगड्यांत घातला.

मी कॉलेज सोडून हे काय करतोय, असं तू विचारणार. लष्करानं विकून टाकलेली एक लॉरी आहे, अल्लाबक्ष ती चालवतो, आणि मी मागं सुटी चाकं आणि पाने घेऊन बसतो. कॉलेज का सोडलं तेही ऐक, म्हणजे तुझ्या अण्णांकडून उलटंसुलटं कळायला नको. खाणावळीत एकानं माझ्या उशीखालचं तुझं पत्र काढून मोठ्यानं वाचलं. ‘आंब्याला मोहर आलाय’ हे वाक्य त्यानं बाईच्या आवाजात वाचलं. त्याचे दोन दात मी त्याच्याच ताटात पाडले. पुढचं रेक्टरांनी केलं.

आता मुद्द्याचं. गुलाबी बंडी आज कोणाला मिळाली ठाऊक आहे? तारऑफिसातल्या तुझ्या यज्ञेश्वरला. आणि गुलाबी घातलं की लोक गड्याला काय म्हणून हाका मारतात, ठाऊक आहे? नवरदेव. सगळं श्रीगोंदे ओरडत होतं, ‘नवरदेव आला, नवरदेव आला!’ आणि नवरदेवाचं चाक पुसायला मी.

शाम

मिरजगाव, मंगळवार, ३ डिसेंबर

दमयंती,

आजचा टप्पा कानिफच्या गावात संपायचा होता. गाव त्याचं, तेव्हा रस्ताही त्याचाच. वेशीच्या अलीकडे दीड मैलावर कोणीतरी बाभळीचे काटे अंथरले होते, बोटभर लांबीचे, वर धूळ पसरून. आठ जणांची चाकं एकदम बसली. यज्ञेश्वरचं पुढचं.

मिस्त्री ओरडले, “शाम, चाक! ख्वाब बघतो काय?” मी उडी मारली. जुनं चाक काढायचं, नवं पुढच्या दुबेळक्यात, म्हणजे चिमट्यात, बसवायचं, दोन्ही नट आवळायचे. मग मिस्त्री येऊन स्वतः आणखी अर्धा फेरा आवळतात आणि प्रत्येक नटावर तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका देतात, निम्मा नटावर, निम्मा आसाच्या दांड्यावर. नट तिळभर फिरला तर ठिपका फुटतो. टप्पा संपला की ते चष्मा पुसून एकेक ठिपका बघतात. अल्लाबक्ष म्हणतो, “मिस्त्री, तुमी चाकाचा मारुती केला की हो.” मिस्त्री म्हणतात, “मारुती पडत न्हाई, बाबा. माझं चाक बी पडत न्हाई.”

आमचा सगळा धंदा त्या ठिपक्यावर आहे. पळणारा खाली बघत नाही. ठिपका आहे म्हणजे मिस्त्रींचा हात लागलाय, बस्स.

यज्ञेश्वर गुडघ्यावर रक्त घेऊन माझ्यासमोर उभा होता. म्हणाला, “शाम, लेका, तू आहेस म्हणून मी आहे.” शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा, तोच आवाज. आणि वर म्हणतो, “मुलगी बघायला गेलो तेव्हा ती चहात साखर घालायची विसरली रे. मी तसाच प्यालो. मुलगी चांगली आहे.”

त्याला काही माहीत नाही. तू त्याला काही सांगितलेलं नाहीस, आणि मीही नाही. पाना माझ्या हातात होता, दमयंती, आणि त्याचं डोकं पान्यापासून हातभर अंतरावर होतं. मी नट आवळला.

रात्रीच्या आत कोणावर तरी हात टाकणं मला भाग होतं. काटे टाकणारा सापडला. सूर्यभान म्हणून कानिफचाच भाऊबंद, खळ्यात बसून हसत होता. मी त्याला सायकलच्या चाकाच्या रिकाम्या लोखंडी धावेनं हाणला, धाव वाकडी होईपर्यंत. त्यांची माणसं आली आणि त्यांनी मला हाणलं. डावा डोळा मिटलाय, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे. शेवटी कानिफनंच मला गचांडी धरून बाहेर ओढलं आणि म्हणाला, “ए कालिज, लई झालं. काटं म्या न्हाई टाकाय सांगितलं. म्या तोंडावर मारतो. मागून न्हाई.”

मी त्याच्या अंगावर थुंकलो. तो हसला.

शाम

नगर, बुधवार, ४ डिसेंबर

दमयंती,

हे पत्र मुबारकबीच्या हाती देतोय. मिस्त्रींची बायको. तुमच्या आळीत बांगड्या भरायला येते ती, तू ओळखतेस. उद्या तुझ्या आईनं तिला लग्नाच्या चुड्याचं माप घ्यायला बोलावलंय, असं ती सहज म्हणाली. सहज! मी तिला म्हटलं, उद्या कशाला, आजच जा.

नीट वाच. उद्या आम्ही संगमनेरला जाणार, परवा शुक्रवारी नगरला परत. परवा संध्याकाळी पाच वाजता भिंगार नाक्याच्या चिंचेखाली ये. नेसत्या लुगड्यानिशी ये. मनमाडला मामा आहेत, ते मला हाकलणार नाहीत. नोकरी बघेन. पाने हातात धरता येतात, इंग्रजी अर्जही लिहिता येतो. तुला उपाशी ठेवणार नाही.

आणि आली नाहीस तर तेही स्पष्ट लिहितो. रोज सकाळी यज्ञेश्वरचं चाक माझ्या हातून जातं. माझं आणि त्याचं काय होईल याची जबाबदारी मग माझ्यावर राहणार नाही.

लिहून उत्तर देऊ नकोस, सापडेल. मुबारकबीजवळ तोंडी सांग.

शाम

संगमनेर, गुरुवार, ५ डिसेंबर

हे पत्र मी टाकणार नाही. तरी लिहितो, कारण न लिहिलं तर कोणाचा तरी गळा धरीन.

सकाळी सुटायच्या वेळी मुबारकबी आली. डोक्यावर बांगड्यांची दुरडी, घामाघूम. अल्लाबक्षनं लॉरी चालू केलेली. मी फळीवरून वाकलो.

“भेटली?”

“भेटली.”

“काय म्हणाली?”

“परवा न्हाई, म्हनली...”

तेवढ्यात अल्लाबक्षनं भोंगा दाबला, शिट्टी झाली, माणसं ओरडली, आणि लॉरीनं झटका घेतला. मुबारकबी चार पावलं मागं धावली. तिचं तोंड हलत होतं. मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. एवढं पुरे होतं.

पर्वा नाही! तुला पर्वा नाही! मी तुझ्यासाठी दात पाडले, वर्ष बुडवलं, बापाच्या दारात उभं राहायची लाज घालवली, आणि एका मणेरणीकरवी तू मला दोन शब्द पाठवतेस. माझं काही होवो, त्याचं काही होवो, तुला पर्वा नाही. ठीक आहे. मलाही नाही.

आज साठ मैलांत काय झालं ते मला धड आठवत नाही. राहुरीच्या पुढं तिघं एकमेकांत अडकून पडले. एकाची करंगळी चेनमध्ये गेली, ती मी चिमट्यानं काढली आणि फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. कोल्हारच्या पुलावर कानिफ आणि यज्ञेश्वर पळता पळता एकमेकांना गुद्दे मारत होते. यज्ञेश्वरही मारतो, तुला खरं वाटणार नाही. कानिफच्या नाकाचं रक्त त्या गुलाबी बंडीवर उडालं, आणि लोकांना वाटलं नवरदेवावर कुंकू उधळलंय. टाळ्या वाजवल्या.

बंडी अजून त्याच्याच अंगावर आहे.

नगर, शुक्रवार, ६ डिसेंबर

तरी गेलो. पाच ते सात. चिंचेखाली एक घोडं बांधलं होतं, आणि छावणीतल्या मेसचा एक आचारी विडी ओढत बसला होता. त्यानं विचारलं, “कुनाची वाट बघता?” मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याला कारण कळलं नाही.

त्या झाडाकडे पुन्हा डोळा वर करून बघणार नाही. आईशपथ.

पाथर्डी, शनिवार, ७ डिसेंबर

दमयंती,

तुला आतापर्यंत अण्णांकडून कळलंच असेल. ते इथं होणाऱ्या जावयाला हार घालायला आले होते. हार त्यांनी परत पिशवीत टाकलेला मी पाहिला. मी जे डोळ्यांनी बघितलं ते लिहितो.

सकाळी आठला भिंगार नाक्यावरून सुटले. सुटायच्या आधी मिस्त्री चहाला गेले होते आणि चाकं माझ्या ताब्यात होती. चिंचेखाली कोणी बाई शाल पांघरून बसली होती, मांडीवर गाठोडं. बाजाराला निघालेली कोणी असेल. त्या बाजूला बघायचं नाही म्हणून मी पाठ फिरवली.

करंजीचा घाट तुला ठाऊक आहे. जाताना उतार, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दगडी कठडा आणि खाली दरी. यज्ञेश्वर पुढं होता, कानिफ त्याच्या मागं दहा हातांवर, त्यांच्या मागं आमची लॉरी. दुसऱ्या वळणावर त्यानं ब्रेक लावला आणि पुढचं चाक चिमट्यातून निघालं. एकटंच, शहाण्यासारखं, सरळ उतारानं निघून गेलं. चिमट्याची दोन टोकं रस्त्यात रुतली आणि यज्ञेश्वर हवेत गेला. कठड्यावर आपटला तो आवाज मी लॉरीच्या घरघरीतून ऐकला, नारळ फोडल्यासारखा. मांडीचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं, आणि ते इतकं पांढरं होतं की आधी मला वाटलं, पंप आहे.

शर्यतीत असं होतं.

कानिफनं तेव्हा नुसतं पुढं जायचं, बंडी त्याचीच होती. त्यानं सायकल कातळावर फेकली, आपला पटका सोडला, मांडीला करकचून बांधला आणि ‘लारीत हादऱ्यानं मरंल’ म्हणत यज्ञेश्वरला दोन्ही हातांवर घेऊन घाट उतरू लागला. वाटेत त्याला शिव्या घालत होता, “मरू नगं भाड्या, मरू नगं. उद्या चढावर गाठायचंय तुला.” करंजीत पोचेपर्यंत कानिफचे गुडघे रक्तानं भरले होते, आणि त्यातला त्याचा एक थेंबही नव्हता.

करंजीत शर्यत बघायला गर्दी होती. कोणीतरी विचारलं, “चाक कुनी आवळलं?” कोणीतरी म्हणालं, “मिस्त्रीनं.” “कोन मिस्त्री?” “नूरुद्दीन.” बास. मुंबईच्या दंग्याच्या बातम्या रोज येताहेत, वर्तमानपत्र लोकांनी तोंडपाठ केलंय. मिस्त्रींना लॉरीतून खाली ओढलं. ते एकच म्हणत होते, “ठिपका बघा. माझा ठिपका बघा.” चाक सापडलं, त्याचे नट दांड्यावर नुसते लटकत होते. ठिपका फुटलेला. त्यांचा उजवा हात लॉरीच्या फळीवर धरला आणि आमच्याच पान्यानं एकेक बोट मोडलं. अल्लाबक्षचं डोकं फोडलं.

मी सोडवायला गेलो. पण माणसं फार होती.

मिस्त्रींना पोलिसांच्या ताब्यात दिलंय. माझ्या अंगठ्याला शेंदूर लागलाय, घासलेट लावूनही निघत नाही. या कामात लागतोच.

शाम

भिंगार, रविवार, ८ डिसेंबर

शर्यत संपली. कोणी थांबवली नाही. अकरा जण घाट चढून आले. काल ज्या कठड्यावर तो आपटला होता तिथं कोणी हळद-कुंकू टाकून गेलं होतं. पहिला कोण आला मला माहीत नाही. कानिफ आला नाही, तो यज्ञेश्वरबरोबर दवाखान्यात आहे.

काल लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे. मी सोडवायला गेलो नव्हतो. लॉरीच्या पलीकडच्या बाजूला चाकाशी बसलो होतो, कानांवर हात ठेवून. तरी बोटं मोजता आली. चार. अंगठा त्यांनी सोडला.

पोलीस मिस्त्रींना घेऊन निघाले तेव्हा मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नव्हे. हाताकडे. माझ्या अंगठ्याकडे. मग त्यांनी मान खाली घातली आणि चालू लागले.

शेंदराच्या डबीला त्यांच्याशिवाय फक्त माझा हात लागतो.

उद्या सांगेन. उद्या चौकीत जाऊन सांगेन.

भिंगार, शनिवार, १४ डिसेंबर

दमयंती,

उद्या उद्या करत सहा दिवस गेले. सोमवारी ठरवलं उद्या, मंगळवारी ठरवलं परवा. जेवतोय, झोपतोय. आरशात डावा डोळा बरा झालेला दिसतो. मिस्त्रींच्या दुकानाला बाहेरून कुलूप आहे आणि मी मागच्या खोलीत आहे. बुधवारी यज्ञेश्वरचा पाय मांडीतून कापला. दवाखान्याच्या पायरीवर कानिफ बसून होता, त्याच्याकडून कळलं. त्यानं मला आत जाऊ दिलं नाही. म्हणाला, “आत त्याची होनारी बायको बसलीया. तुजं काय काम?” मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता मारणार. मी तोंड पुढं केलं. त्यानं मारलं नाही.

आज मुबारकबी आली. बांगड्यांची दुरडी नव्हती. नगरच्या कोठडीत मिस्त्रींना भेटून सरळ इकडं आली. उंबऱ्यावर बसली. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

“बोटं काळी पडल्यात,” ती म्हणाली. “पाना धराया यायचा न्हाई आता कदी.”

मी अंगठा मुठीत घेतला.

“तू लावला शेंदूर, व्हय ना?”

“मिस्त्री म्हणाले?”

“ते कशाला म्हनतील? म्या इचारलं, साहेबाला का सांगत न्हाई? तर म्हनले, मुबारक, म्या सांगितलं तर लोक काय म्हनतील? मुसलमान आपलं पाप बामनाच्या पोरावर ढकलतोय म्हनतील. कोन ऐकंल? त्यानं सांगितलं तर ऐकतील.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “आनि म्हनले, सांगंल त्यो. माजा हात हाय त्याच्या हातावर.”

मला रडू आलं नाही. राग आला. तुझ्यावर. मी तिला म्हटलं, “ते सगळं तिच्या पायी झालं. त्या दिवशी तुम्हीच निरोप आणलात. पर्वा नाही म्हणाली म्हणून.”

मुबारकबीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही.

“अरं माज्या कर्मा,” ती म्हणाली. “परवा न्हाई, तेरवा! परवा न्हाई जमत, तेरवा येते, असं म्हनली पोरगी. शनवारी बा पाथर्डीला जानार, घरात कोन न्हाई, सकाळी सातला चिंचंखाली थांबते म्हनली. म्या लारीमागं पळत वरडले की, तेरवा, तेरवा! तू आत जाऊन बसलास.”

“आणि शनिवारी?” मी विचारलं.

“बसली हुती की तिथं,” मुबारकबी म्हणाली. “शाल घिऊन. गाठोडं घिऊन. आठाचा भोंगा हुईस्तवर बसली. मंग घरला गेली. तिला वाटलं, तू भ्यालास.”

दमयंती, मी तुला पाहिलं होतं. बाजाराला निघालेली बाई म्हणून लिहिलंसुद्धा. तू पन्नास पावलांवर बसली होतीस आणि मी तुझ्याकडं पाठ करून चाकावर वाकलो होतो. डाव्या हातात शेंदराची डबी होती. अंगठ्यानं ठिपका दिला, निम्मा नटावर, निम्मा दांड्यावर, मिस्त्री देतात तसाच गोल. हात जराही हलला नाही. गावाकडच्या पोराला परवा आणि पर्वा यातला फरक लिहिताना शिकवतात, मला शाळेत त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. ऐकताना कोण शिकवतं?

मला तुझी क्षमा नको. तू त्याच्या उशाशी बसली आहेस, तिथंच बस असंही म्हणायचा मला हक्क नाही. तू गाठोडं सोडून त्यातली लुगडी परत पेटीत ठेवलीस तेव्हा तुझे हात कसे झाले असतील, याचा विचार करतो आणि भिंतीवर डोकं आपटतो. खरोखरच आपटतो, कपाळ सुजलंय. त्यानं काही होत नाही. यज्ञेश्वरचा पाय येत नाही, मिस्त्रींचं एक बोटही सरळ होत नाही. आयुष्यभर लोकांना मारत आलो, आणि आता स्वतःला मारायला लागलो, तर हातात तेवढंच बळ आहे आणि तेवढीच अक्कल.

मुबारकबी अजून उंबऱ्यावर आहे. मी तिला म्हटलं, हे पत्र दमयंतीला नेऊन द्या. ती म्हणाली, “चिठ्ठी न्हेते. पन तोंडी काय सांगू?”

मी म्हटलं, “सांगा, आज.”

“आज काय?” ती एकदम ओरडली. “पुरं बोल. अर्दं म्या एकदा न्हेलं.”

म्हणून पुरं लिहितो. मागची दोन न टाकलेली पत्रं आणि शनिवारचं आणि रविवारचं यासोबत जोडली आहेत. ही सगळी तू वाच, मग अण्णांना दे, मग चौकीत पोचव. मी तोंड फिरवलं तरी ती कागदावर राहतील.

मी, शामकांत गोपाळ नेवासकर, वय वीस, शनिवार ७ डिसेंबर रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास भिंगार नाक्यावर यज्ञेश्वरच्या सायकलच्या पुढच्या चाकाचे दोन्ही नट पान्यानं सैल केले, जाणूनबुजून, आणि कोणाला कळू नये म्हणून त्यांवर शेंदराचा नवा ठिपका स्वतःच्या अंगठ्यानं दिला. नूरुद्दीन मिस्त्री त्या वेळी चहाला गेले होते. त्यांनी आवळलेला नट आजवर कधी सुटलेला नाही.

आता मुबारकबीच्या मागोमाग निघतो. ती पुढं, तुझ्याकडे. मी नाक्यापर्यंत तिच्याबरोबर, तिथून डावीकडे चौकीत. चिंच वाटेवरच लागते. या वेळी बघेन.

आज, शनिवार, दुपारचे दोन वाजलेत.

शामकांत